कुऱ्हाडीचें म्यान

तरवारीला म्यान असतें, कट्यारीला असतें, फार काय, देवघरांतल्या शाळिग्रामालाहि संपुष्ट असतें. कुऱ्हाडीला मात्र वस्त्र शिवावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्या भार्गवरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला आणि कोंकणची भूमि मोकळी केली, त्याच्या चित्रांतहि परशु उघडाच दिसतो. (केरळांत हीच कथा सांगतात तेव्हां समुद्रांत बाण न जातां परशुच जातो, तेथें म्यानाचा प्रश्न अर्थातच उरत नाहीं.) कोंकणांतल्या घरीं जावें, तों कुऱ्हाड पडवींत भिंतीला टेकून उभी असते, किंवा ओंडक्यांत रुतवून ठेवलेली असते. मुलें तिच्या शेजारीं खेळतात, कोंबड्या तिच्या दांड्यावर बसतात, आणि अंधारांत लांकूड आणावयास गेलेला हात एखादे वेळीं नको त्या ठिकाणीं पडतो.

वेंगुर्ल्यासारख्या गांवीं कुऱ्हाडीचें काम अद्याप संपलेलें नाहीं. गांवाच्या मागच्या डोंगरउतारावर, जांभ्या दगडाच्या सड्याच्या कडेनें, काजूच्या आणि आंब्याच्या बागा आहेत. येथील फळ संशोधन केंद्र १९५७ सालीं सुरू झालें, आणि त्यानें सिद्ध केलेल्या काजूच्या जाती 'वेंगुर्ला' या नांवानेंच साऱ्या कोंकणांत लागल्या. बाग आली कीं वाळलेली फांदी आली, वादळांत आडवा झालेला माड आला, पावसाळ्यापूर्वीं सरपणाची बेगमी आली. यांत्रिक करवतीनें यांतलें पुष्कळसें काम आतां होतें. तरी ओंडका फोडावयास, खोडावरचीं खुंटें साफ करावयास आणि ज्या चढणीवर यंत्र नेणें जिवावर येतें तेथें कुऱ्हाडच लागते. ती खांद्यावर टाकून माणूस निसरड्या पाऊलवाटेनें उतरतो, तेव्हां धार त्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर असते. पाय घसरला म्हणजे हात आपोआप आधार शोधतो आणि कुऱ्हाड सुटते. ती कोणत्या बाजूस पडेल हें कोणाच्याहि हातीं नसतें.

कुऱ्हाडीची ही हयगय पाहून कोंकणी माणसाला हत्यार बाळगण्याची रीत ठाऊक नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. कोयत्याच्या बाबतींत त्यानें फार नामी योजना केलेली आहे. कमरेला दोरी, दोरीत मागच्या बाजूस आकडी, आणि आकडींत अडकविलेला कोयता. माडावर चढणाऱ्याचे दोन्ही हात त्यामुळें मोकळे राहतात, आणि शेंड्यावर पोंचतांच हात मागें नेला कीं मूठ हातांत येते. या आकडीचा आणखी एक गुण सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ती पात्याला झांकीत नाहीं. नुसतें लटकवून धरते. वेंगुर्ल्यास वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत समुद्रावरची खारी हवा असतेच. अशा ठिकाणीं लोखंड कशांतहि गुंडाळून ठेवलें तर तें आंतल्या आंत गंजावयास लागतें. उघड्या पात्यावरचें पाणी निथळतें, वाऱ्यानें वाळतें. आकडी ही पावसाच्या मुलखांतली वस्तु आहे, आणि तिनें दिलेला धडा म्यान शिवणारानें प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

तो धडा असा कीं, कुऱ्हाडीचें म्यान म्हणजे साऱ्या पात्याला घातलेली पिशवी नव्हे. माथा उघडा, दांडा जेथें बसतो तें नेढें उघडें, गालांचा वरचा भाग उघडा. झांकावयाची ती फक्त धार आणि धारेच्या मागची चार-पांच सेंटिमीटर रुंदीची जागा. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या जंगलांच्या देशांत कुऱ्हाडीबरोबर कातड्याचें जें आवरण मिळतें, तेंहि बहुधा असेंच आंखूड असतें. तेथें थंडी आहे, येथें दमट उष्मा आहे. येथें तर तें त्याहून आंखूडच असावें. भाषेच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास 'म्यान' हा फारशींतून आलेला शब्द तरवारीलाच अधिक शोभतो. वाद्यावर किंवा हत्यारावर जी बेताची खोळ घालतात तिला मराठींत 'गवसणी' असा सुंदर शब्द आहे. आकाशाला गवसणी घालावयास निघालेल्या भाषेनें तो कुऱ्हाडीसाठीं वापरला नाहीं, याचें नवल वाटतें. असो; लोकांच्या तोंडीं म्यान हाच शब्द बसला आहे, तोच येथें ठेवला आहे.

आतां कातड्याकडे वळावें. बाजारांत जें कातडें मिळतें तें मुख्यत्वें दोन जातींचें असतें: एक झाडाच्या सालींनीं व फळांनीं कमावलेलें, दुसरें क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेलें. कच्चें चामडें ओलें राहिलें तर कुजतें आणि वाळलें तर लांकडासारखें ताठ होतें. त्यांतले तंतु कुजूं नयेत, पण लवचिक मात्र राहावेत, यासाठीं त्यांत जो पदार्थ मुरवावयाचा त्याला कमावणें म्हणतात. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांत तुरट द्रव्य असतें. हिरडा दातांनीं चावला असतां जीभ ज्या रीतीनें आखडते, त्याच रीतीनें तें द्रव्य चामड्याच्या तंतूंना धरून बसतें. कोंकणच्या किनाऱ्यावर हें ज्ञान चर्मकारांपुरतेंच नव्हतें. नायलॉनचीं जाळीं येण्यापूर्वीं सुताचीं जाळीं समुद्राच्या पाण्यांत कुजूं नयेत म्हणून मच्छीमार तीं ऐनाच्या सालीच्या काढ्यांत बुडवीत. एकाच तुरटपणावर जाळें टिकलें आणि जोडाहि टिकला.

क्रोमियमची रीत नवी आहे. तिचें शास्त्र जर्मनींत १८५८ सालीं प्रथम मांडलें गेलें, अमेरिकेंत १८८४ सालीं ती कारखान्यांत उतरली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासेकडे तिचे प्रयोग झाले. झाडसालीचें कातडें कमावण्यास आठवडे लागतात, क्रोमियमचें थोड्या दिवसांत तयार होतें. तें मऊ असतें, पाण्याला दाद देत नाहीं आणि उकळत्या पाण्यांतहि आखडत नाहीं. बुटांच्या वरच्या भागाला, पिशव्यांना तें उत्तम. पण म्यानाला जो गुण हवा तोच त्यांत नाहीं. झाडसालीचें कातडें भिजवून एखाद्या वस्तूवर दाबून वाळविलें, तर तें त्या वस्तूचा आकार घेतें आणि मग सोडीत नाहीं. क्रोमियमचें कातडें वाळलें कीं पुन्हां आपल्या मूळच्या लुळेपणावर जातें. दुकानांत दोहोंतला भेद ओळखावयाचा तर कापलेला कांठ पाहावा: क्रोमियमच्या कातड्याचा गाभा बहुधा निळसर-करडा दिसतो, झाडसालीच्या कातड्याचा गाभा बदामी किंवा तांबूस असतो. वरचा रंग पाहून फसूं नये. रंग कोणताहि देतां येतो.

वेंगुर्ल्याच्या माणसाला झाडसालीचें कातडें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. घाट चढून गेलें कीं कोल्हापूर. कोल्हापुरी चपलेचा तळ याच कातड्याचा असतो. त्या चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि त्यांत महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार व कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आले. चपलेच्या तळासाठीं घेतलेल्या म्हशीच्या कातड्याचा तुकडा उरला असेल तर एका कुऱ्हाडीचें काम त्यांत भागतें. तीन ते चार मिलिमीटर जाडी असावी. तुकडा पाठीचा असावा, पोटाचा नसावा. पोटाकडचें कातडें सैल आणि ताणलें जाणारें असतें, त्याचें म्यान महिन्याभरांत ओघळतें. शेळीचें कातडें दिसावयास सुबक, पण येथें निरुपयोगी. महाराष्ट्रांत २०१५ सालापासून गाईप्रमाणेंच बैल व वळू यांच्या कत्तलीसहि बंदी आहे. म्हणून आज जाड कातडें म्हटलें कीं तें बहुतेक म्हशीचेंच, अथवा मेलेल्या गुरांचें.

मेलेल्या गुरांच्या कातड्याचा विषय निघाला म्हणजे याच जिल्ह्यांतल्या एका गोष्टीपाशीं थांबणें प्राप्त आहे. कारण कातडें हातांत घेणें ही आपल्या समाजांत नुसती कारागिरीची बाब कधींच नव्हती. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृत जनावराचें मांस खाणें सोडून देण्याचें आवाहन केलें, आणि पुढें मेलेलीं गुरें ओढण्याचें कामहि ठिकठिकाणीं लोकांनीं टाकून दिलें. ज्या कामामुळें माणसाला शिवूं नये असें ठरविलें गेलें होतें, तें काम त्यानेंच कां करीत राहावें, हा प्रश्न बिनतोड होता. त्याला दुसऱ्या बाजूनें उत्तर देण्याचा प्रयत्न सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनीं केला. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनीं अन्नत्याग केला, आणि येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांस उपवासाची साथ दिली. पुढें १९४८ सालीं कणकवलीस त्यांनीं गोपुरी आश्रम काढला. मैल्यापासून खत करणें आणि मेलेल्या गुरांचीं कातडीं सोलून कमावणें हीं दोन्ही कामें तेथें चालत, आणि ब्राह्मण कुळांत जन्मलेले अप्पासाहेब सुरी स्वतः हातांत घेत. वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनीं असेंच चर्मालय चालविलें होतें. मारलेल्या नव्हे तर मेलेल्या जनावराचें कातडें वापरावें, आणि तें कमावण्याचें काम एका जातीच्या माथीं मारूं नये, अशी त्यांची दुहेरी भूमिका होती.

गोपुरीच्या प्रयोगानें जात मोडली असें म्हणतां येणार नाहीं. शहरांतले लोक आश्रमाच्या चपला कौतुकानें घालीत, आणि आपल्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील चर्मकाराशीं पूर्वीप्रमाणेंच वागत. तरी एवढें खरें कीं, आज एखाद्या सुशिक्षित घरांतला मुलगा हौसेनें कातड्याचा तुकडा आणि आरी घेऊन बसतो तेव्हां त्याला कोणी बहिष्कृत करीत नाहीं, आणि ही सवलत त्याला फुकट मिळालेली नाहीं. त्यानें पहिला तुकडा कापण्यापूर्वीं गांवांतल्या एखाद्या जाणत्या चर्मकाराच्या शेजारीं तासभर बसावें. रापी कशी धरावी, हें छापील मजकुरांतून कळत नाहीं.

रापी म्हणजे चर्मकाराचें कातडें कापण्याचें, रुंद धारेचें हत्यार. तें ओढून चालवीत नाहींत. तळहातानें पुढें दाबीत नेतात. रापी, भोंक पाडण्याची आरी, दोन बोथट टोंकांच्या सुया, मेण लावलेला दोरा, आणि आंखणीसाठीं पट्टी व पेन्सिल: इतकें सामान पुरतें.

पहिलें काम कागदाचें. कुऱ्हाड जाड कागदावर आडवी ठेवून धारेच्या बाजूचा आकार पेन्सिलीनें काढावा. धारेच्या रेषेबाहेर दीड सेंटिमीटर जागा सोडावी. पात्याच्या दोन्ही टोंकांकडेहि तेवढीच. माथ्याच्या बाजूस जेथें म्यानाचें तोंड यावयाचें, तेथें मात्र कांहीं सोडावयाचें नाहीं. हा नमुना कापून, दुमडून, पात्यावर प्रत्यक्ष बसवून पाहावा. कागद वाया गेला तर कांहीं बिघडत नाहीं. कातडें एकदां कापलें म्हणजे तें वाढत नसतें. नमुना जुळला कीं त्यावरून कातड्याचे दोन सारखे तुकडे कापावे, आणि तिसरी एक सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी, धारेच्या वळणाबरहुकूम वळलेली.

या तिसऱ्या पट्टीविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण म्यानाचा सारा जीव तिच्यांत आहे. दोन तुकडे नुसते एकमेकांवर ठेवून कांठानें शिवले, तर कुऱ्हाडीची धार थेट शिवणीवर जाऊन बसते. चालतांना दर पावलागणिक ती दोऱ्यावर घासते. आठ दिवसांत एक टांका तुटतो, मग दुसरा. आणि एके दिवशीं म्यान शिंपल्यासारखें उघडतें. तें उघडलें आहे हें बाहेरून दिसत नाहीं, आणि म्यान घातलेलें आहे या भरंवशावर माणूस बेसावध असतो. उघड्या कुऱ्हाडीपेक्षां फुटकें म्यान अधिक घातकी, तें याचसाठीं. दोन तुकड्यांच्या मध्यें पट्टी घातली म्हणजे धार पट्टीच्या कांठावर टेकते. ती पट्टीला थोडी खाईल, पण दोऱ्यापर्यंत पोंचणार नाहीं. शिवण पट्टीच्या आंतल्या कांठाशीं न घेतां बाहेरच्या बाजूस, म्हणजे धारेपासून सहा-सात मिलिमीटर तरी दूर घ्यावी. ज्या म्यानाला ही पट्टी नाहीं तें कितीहि सुबक नक्षीचें असलें तरी विकत घेऊं नये.

पट्टी दोहोंमध्यें चिकटवून, कांठ एकसारखा कापून घेतला कीं शिवणीची रेषा आंखावी आणि पांच-सहा मिलिमीटरच्या अंतरानें आरीनें भोंकें पाडावीं. तिन्ही थर मिळून दहा-बारा मिलिमीटर जाडी होते. आरी सरळ उतरली नाहीं तर मागच्या बाजूची शिवण वांकडी येते. घाई करणाराचा हात येथेंच फुटतो. कातडें मांडीवर धरून आरी आपल्याकडे दाबूं नये. खालीं लांकडाचा ठोकळा घ्यावा.

रस्त्यावरचा मोची बहुधा आंकडीच्या आरीनें शिवतो. आरी आरपार जाते, खालच्या दोऱ्याला ओढून वर आणते आणि वरच्या दोऱ्यांत अडकविते. चपलेचा तुटका पट्टा दहा मिनिटांत जोडावयाचा असतो तेव्हां ही रीत योग्यच आहे. परंतु तींत वरचा दोरा वरच राहतो आणि खालचा खालीं. त्यांतला एक तुटला कीं शेजारचे टांके सैल पडत जातात. दोन सुयांच्या शिवणींत एकाच दोऱ्याच्या दोन टोंकांना दोन सुया असतात, आणि प्रत्येक भोंकांतून दोन्ही सुया समोरासमोरून पलीकडे जातात. एका ठिकाणीं दोरा कापला गेला तरी दुसऱ्या बाजूचा टांका धरून राहतो. वेळ तिप्पट लागतो. म्यानासाठीं तो लागूं द्यावा. वेंगुर्ल्याच्या मोच्याला ही शिवण सांगितली तर तो ती करूं शकत नाहीं असें नाहीं. गिऱ्हाईक तेवढे पैसे देत नाहीं, एवढेंच.

दोरा सुती नसावा. दमट हवेंत तो कुजतो. पूर्वीं या कामाला जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचा दोरा वापरीत. तो मिळाला तर फारच चांगलें. न मिळाल्यास वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाळीं दुरुस्त करावयाचा नायलॉनचा जाडसर दोरा मिळतो, त्याला मधमाशांचें मेण चोळून घ्यावें. हा दोरा निसरडा असतो, गांठ धरीत नाहीं. म्हणून शेवटचे तीन टांके उलट दिशेनें पुन्हां घालावे आणि टोंकें विस्तवानें किंचित् वितळवून दाबावीं. बारीक नायलॉन मात्र घेऊं नये, तो कातडें कापतो.

शिवण झाली कीं आकार देण्याचें काम. म्यान कोमट पाण्यांत धरावें. बुडबुडे येणें थांबलें म्हणजे तें भिजलें. कुऱ्हाडीचें पातें प्लास्टिकच्या पातळ कागदांत घट्ट गुंडाळून मग ओल्या म्यानांत बसवावें आणि गालांवर बोटांनीं व लांकडाच्या गुळगुळीत दांड्यानें दाबीत जावें. पातें गुंडाळण्याचा कंटाळा करूं नये. झाडसालीच्या तुरट द्रव्याला ओलें लोखंड लागलें कीं निळाकाळा डाग पडतो आणि तो जात नाहीं. ही किमया आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस टाकून ते शाई करीत, आणि तीच रासायनिक क्रिया कुऱ्हाडीच्या म्यानांत नको असतां घडते. हाच न्याय खिळ्यांनाहि लागू आहे. म्यानाच्या कोपऱ्यांना बळकटी देण्यासाठीं लोखंडी खिळे ठोकले तर त्यांच्याभोंवतीं कातडें काळें पडून ठिसूळ होतें. ठोकावयाचेच तर तांब्याचे ठोकावे.

वाळविणें सावलींत, वाऱ्यावर, दोन-तीन दिवस. उन्हांत किंवा चुलीशेजारीं ठेवण्याचा मोह पावसाळ्यांत अनावर होतो, आणि तेथेंच बहुतेकांचीं म्यानें बिघडतात. झाडसालीचें ओलें कातडें सुमारें ७० ते ८५ अंश सेल्सिअस उष्णतेला आखडून कायमचें कठीण होतें. त्याहून कमी तापांतहि तें घाईनें वाळलें तर तडकतें. म्हणून हें काम पौष-माघांत घ्यावें, आषाढांत नव्हे.

वाळल्यावर म्यानाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यांत, शिवणीला धक्का न लावतां, पाणी निथळण्यापुरतें एक भोंक ठेवावें. कुऱ्हाड माथा वर करून टांगली कीं आंत शिरलेलें पाणी तेथून गळतें. मग राहिला पट्टा. म्यानाच्या एका गालावरून निघून, माथ्याच्या मागून वळून, दुसऱ्या गालावर अडकणारा दोन सेंटिमीटर रुंदीचा पट्टा असला म्हणजे कुऱ्हाड उलटी झाली तरी म्यान सुटत नाहीं. त्याला दाबाची पितळी गुंडी लावण्याची पद्धत आहे. खाऱ्या हवेंत पितळेवर हिरवा थर चढतो, आंतली पोलादी स्प्रिंग गंजते, आणि गुंडी ऐन वेळीं उघडत नाहीं. येथें नारळाची करवंटी कामास येते. करवंटीचा रुपयाएवढा तुकडा घासून, मध्यें दोन भोंकें पाडून, पट्ट्याच्या टोंकाला कातड्याच्या वादीनें बांधावा आणि समोरच्या गालावर वादीचा फास ठेवावा. ही गुंडी गंजत नाहीं, ओल्या बोटांनींहि निघते, आणि हरवली तर परसांत दुसरी पडलेलीच असते.

शेवटचा हात तेलाचा. नारळाचें तेल घरांत असतेंच, म्हणून लोक तेंच चोपडतात. कोंकणच्या हवेंत तें बहुतेक पातळच असतें. कातड्यांत भराभर शिरतें आणि कातडें लुळें करतें. म्यानाला मऊपणा नको, पाणी अडविणारा थर हवा. त्यासाठीं कोकमाच्या बियांचें तेल, ज्याला या भागांत भिरंडेल म्हणतात आणि जें थंडींत भेगाळलेल्या टांचांना लावतात, तें बरें. तें वडीच्या रूपांत मिळतें आणि सुमारें ४० अंशांशिवाय वितळत नाहीं. दोन भाग भिरंडेल आणि एक भाग मधमाशांचें मेण, पातेल्यांतल्या गरम पाण्यांत वाटी ठेवून वितळवावें आणि कोमट असतांनाच फडक्यानें बाहेरच्या बाजूस पातळ चोळावें. कांठांवर जरा अधिक. आंतून लावूं नये.

हें मिश्रण जास्त झालें तर कांहीं आठवड्यांनीं कातड्यावर पांढुरका थर उठतो, आणि घरांतली मंडळी म्यानाला बुरशी आली म्हणून तें फेंकून द्यावयास निघतात. बुरशी कोणती आणि वर आलेली चरबी कोणती, हें ओळखण्याची खूण सोपी आहे: पांढऱ्या थरावर थोडी ऊब द्यावी, तळहातानें चोळलें तरी चालतें. चरबी असेल तर विरघळून पुन्हां आंत जाते. बुरशी तशीच राहते आणि तिला वास येतो. बुरशी असल्यास कोरड्या फडक्यानें पुसून म्यान वाऱ्यावर ठेवावें; प्लास्टिकच्या पिशवींत तर कधींच कोंबूं नये.

आणि एक सूचना, जी म्यान देणाऱ्यानें घेणाऱ्यास तोंडीं सांगावी, कारण ती न सांगितल्यामुळें बोटें गेलीं आहेत. म्यान घालतांना आणि काढतांना डावा हात म्यानाच्या गालांवर असावा. धारेच्या शिवणीखालीं मुठींत धरून ओढूं नये. शिवण धड आहे असें डोळ्यांना दिसत असलें तरी धरूं नये. घरीं आल्यावर कुऱ्हाड म्यानांतच ठेवून विसरूंहि नये. म्यान हें वाटेसाठीं आहे. पातें पुसून, तेलाचा हात देऊन उंच खुंटीला टांगावें, जेथें मुलांचा हात पोंचणार नाहीं, आणि म्यान शेजारीं वेगळें लटकवावें. कातडें हवेंतला ओलावा धरतें आणि तुरट द्रव्य आम्ल असतें, त्या दोहोंच्या संगतींत पावसाळाभर राहिलेल्या पात्यावर धारेशींच गंजाचीं छिद्रें पडतात.

दसऱ्याला हत्यारें धुवून पूजेला मांडतात, त्या दिवशीं म्यान उजेडांत धरून आंतली पट्टी पाहावी. धारेनें ती अर्ध्याहून अधिक खाल्ली असेल तर शिवण उसवून नुसती पट्टी बदलावी आणि जुन्याच भोंकांतून पुन्हां शिवून घ्यावें. दोन्ही गालांचें कातडें अशा तीन-चार पट्ट्यांना सहज पुरतें.